परदेशी जाणाऱ्यांना 'भारतीय संस्कृती' शिकवणारे नेमके कोण?

गेल्या महिन्यात वाशीममधल्या एका बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत आमचं सत्र होतं. समोर अकरा मुलंमुली. त्यातल्या आठ जणी नर्सिंग झालेल्या, कुणी रिसोडकडची, कुणी मालेगावची, दोघी कारंज्याच्या. सगळ्यांच्या हातात जर्मन भाषेच्या झेरॉक्स वह्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातही जर्मन शिकणारी पोरं दिसू लागली आहेत. वाशीम म्हणजे सरकारच्या यादीतला 'आकांक्षित जिल्हा', पण आकांक्षा पूर्ण करायला गाव सोडावं लागतं, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. पूर्वी लोक सुरत-पुण्याला जात, आता स्टुटगार्टचं नाव घेतात, एवढाच फरक.

सत्राचा विषय होता 'परदेशात राहताना'. आम्ही प्रोजेक्टर लावून नेहमीच्या स्लाईड दाखवत होतो. वेळ कशी पाळावी, 'नाही' कसं म्हणावं, वरिष्ठाला नावाने हाक मारण्याची सवय कशी करावी, कचरा चार डब्यांत कसा टाकावा. मुलं लिहून घेत होती. तेवढ्यात मागे बसलेली एक जण म्हणाली, "दादा, तिथं दवाखान्यात आपले इंडियन भेटले अन् त्याइनं आडनाव विचारलं, तं सांगाव की नाई?"

आमच्या एकाही स्लाईडवर याचं उत्तर नव्हतं. पुण्यात तीन वर्षं आम्ही हेच काम पगार घेऊन केलं, शेकडो इंजिनियर आमच्यासमोर बसले, पण हा प्रश्न तिथे कुणीच विचारला नाही. ज्यांना गरज नव्हती ते विचारणार नव्हते आणि ज्यांना गरज होती ते त्या खोलीत तोंड उघडणार नव्हते.

या लेखाचं कारण तो प्रश्न आहे. (लेखात 'आम्ही' म्हणतोय ते मोठेपणासाठी नाही. आमच्या परदेशाच्या अर्जाचा उत्पन्नाचा दाखला वडिलांच्या मित्राने काढून दिला, इंग्रजी निबंध विहारातल्या एका निवृत्त मास्तरांनी तपासला, पासपोर्टची फी बहिणीने भरली. चार माणसांनी मिळून केलेल्या प्रवासाला 'मी' म्हणणं जिभेवर येत नाही.)

आधी हे प्रशिक्षण काय असतं ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या चळवळीतल्या अनेकांना असा काही व्यवसाय आहे हेच माहीत नाही. दोन वेगळ्या देशांतल्या माणसांना एकत्र काम करायचं असेल तर एकमेकांच्या वागण्याचा अर्थ लावता यावा म्हणून जे शिकवलं जातं, ते आंतरसांस्कृतिक प्रशिक्षण. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना तयार करायला फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट काढली. तिथे एडवर्ड हॉल नावाचा मानववंशशास्त्रज्ञ शिकवत असे. त्याचं 'द सायलेंट लँग्वेज' हे पुस्तक १९५९ साली आलं आणि तिथून हा विषय उभा राहिला असं मानतात. हा हॉल तरुणपणी, १९३० च्या दशकात, नवाहो आणि होपी या मूळनिवासी अमेरिकनांच्या वस्त्यांवर कामाला होता. गोरा अधिकारी आणि आदिवासी मजूर एकमेकांना का समजत नाहीत, हे त्याने तिथे पाहिलं. म्हणजे या शास्त्राचं मूळ दबलेल्या माणसांच्या वस्तीत आहे. पुढे ते पंचतारांकित हॉटेलच्या सभागृहात गेलं आणि वस्ती मागे राहिली.

त्यानंतर आला हॉफस्टेड. या डच संशोधकाने आयबीएम कंपनीच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या एक लाखाहून जास्त प्रश्नावल्या तपासल्या आणि प्रत्येक देशाच्या संस्कृतीला आकडे दिले. त्यातला एक आकडा 'सत्ता-अंतराचा', म्हणजे खालचा माणूस वरच्याची सत्ता किती निमूटपणे मान्य करतो त्याचा. भारताला ७७ गुण, जर्मनीला ३५, इंग्लंडलाही ३५. आजही कुठल्याही कंपनीत भारताविषयीचं सत्र असलं की हा ७७ चा आकडा पडद्यावर येतोच. प्रशिक्षक सांगतो, भारतीय लोक वरिष्ठांचा फार आदर करतात.

वाचकहो, जरा थांबून विचार करा. माणसाला जन्मावरून वर-खाली ठेवणारी व्यवस्था ज्या देशात हजारो वर्षं चालली, त्या देशाच्या 'सत्ता-अंतरा'बद्दल तासभर बोलायचं आणि 'जात' हा शब्द एकदाही उच्चारायचा नाही, याला किती कौशल्य लागत असेल! आणि १९७० च्या आसपास अशा बहुराष्ट्रीय कंपनीच्या भारतातल्या ऑफिसात प्रश्नावली भरायला कोण बसले असतील, हे सांगायला समाजशास्त्राची एम.ए. लागत नाही. त्यांनी टिक केलेल्या उत्तरांचा भारत झाला. त्या उत्तरांत आमची आजी नव्हती. पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना ती चप्पल हातात घ्यायची, तिला कुणी विचारलं असतं तर तिने याला आदर म्हटलं नसतं.

आता आमची गोष्ट.

अमरावती विद्यापीठातून समाजशास्त्रात एम.ए. केल्यावर गावोगाव बचतगटांचं काम करत होतो. शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळाली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये इंग्लंडला एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला गेलो. निघायच्या आदल्या रात्री आईने तिळाच्या लाडवांचा डबा बॅगेत कोंबला आणि विचारलं, "थ्या गावात कोन्या जातीचे लोक रायतात बाप्पा?" आम्ही सगळे हसलो. धाकट्या भावाने तर तो किस्सा वर्षभर सांगितला. तिला काय माहीत इंग्लंड, असं आम्हाला वाटलं. तीन महिन्यांनी कळलं की निघताना आम्हाला भेटायला आलेल्या पन्नास माणसांपैकी नेमका प्रश्न तिनेच विचारला होता.

पहिले तीन महिने मात्र वेगळेच होते. घरमालकीण म्हातारी इंग्रज बाई. तिने नाव विचारलं, तिला ते उच्चारता आलं नाही, तिने तिच्या सोयीने अर्धं केलं आणि विषय संपला. गाव कोणतं, वडील काय करतात, 'पूर्ण नाव' काय, काहीच नाही. बसमधून उतरताना माणसं ड्रायव्हरला धन्यवाद म्हणत. एकदा आम्ही लायब्ररीत रात्री उशिरापर्यंत बसलो असताना झाडू मारणारा माणूस आणि एक प्राध्यापक शेजारी बसून सँडविच खात होते. तिथे वर्णभेद नव्हता असं अजिबात नाही. दुकानात मागे मागे फिरणारा सुरक्षारक्षक आम्हीही पाहिला. पण तो आमच्या कातडीवर होता, आमच्या आजोबांपर्यंत जात नव्हता. मान ताठ करून रस्त्याने चालणं ही शरीराची सवय असते, आणि ती आपल्याला नव्हती, हे ती लागल्यावर समजलं.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात हीच अवस्था लिहून ठेवली आहे. युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसून टाकली होती आणि ती परत आली ती १९१७ साली बडोद्याच्या स्टेशनवर, 'राहायचं कुठे' या एका प्रश्नासोबत. सयाजीरावांच्या दरबारात नोकरी, कोलंबियाची पदवी, आणि शहरात एक खोली मिळत नाही! पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. हे आत्मकथन आपण सगळ्यांनी वाचलं आहे. पण ते परदेशातून परतणाऱ्या माणसाचं आत्मकथन आहे, या अंगाने आपण ते कमी वाचतो. परदेशी राहिल्यामुळे बाबासाहेबांना गोऱ्यांची संस्कृती कळली, हे तर झालंच. पण आपल्याकडे 'सहज' म्हणून चालतं ते सहज नाही, ते माणसाने बनवलेलं आहे आणि ते नसतानाही माणसं नीट जगतात, याचा अंगावर घेतलेला पुरावा घेऊन ते परतले. आमच्या मते या क्षेत्रात काम करणाऱ्याला परदेशातलं राहणं नेमकं हेच देतं. बाकी काटा-चमचा कसा धरायचा ते युट्यूबवरही कळतं.

आमचं बडोदा आम्हाला इंग्लंडमध्येच भेटलं. भारतीय विद्यार्थ्यांनी दिवाळीला प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा असं ठरवलं. आम्ही झुणका करून नेला. आपला एक मराठी मुलगा, मोकळा, हसरा, भेटला. मराठी ऐकून जीव सुखावला. त्याने पहिल्यांदा नाव विचारलं, मग पूर्ण नाव, मग 'मूळचे कुठले', मग कोणती शिष्यवृत्ती. चौथ्या उत्तरावर तो "अच्छा, अच्छा" म्हणाला आणि समोशांच्या टेबलाकडे गेला. भांडण नाही, शिवी नाही. जानेवारीत चार मराठी मुलं मिळून घर भाड्याने घेत होती, त्यात आमचं नाव होतं. दिवाळीनंतर ते राहिलं नाही. विचारलं तर "अरे, रूम भरली ना." ती खोली फेब्रुवारीपर्यंत रिकामी होती, हे नंतर त्यांच्यातल्याच एकाने सांगितलं.

विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक सल्लागार होती. चांगली बाई होती. तिला आम्ही सगळं सांगितलं. तिने सहानुभूतीने ऐकलं आणि विचारलं, हा उत्तर भारत-दक्षिण भारत असा सांस्कृतिक गैरसमज असू शकेल का? तिच्याकडे भारताविषयीचं एक माहितीपत्रक होतं. त्यात होतं: एकत्र कुटुंबपद्धती, ठरवून होणारी लग्नं, शाकाहार, गाय पवित्र, डाव्या हाताने काही देऊ नये. बहुसंख्य भारतीय मांस-मासे-अंडी खातात हे सरकारचंच कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं, पण पत्रक म्हणत होतं भारत शाकाहारी. जातीवर एक वाक्य होतं, ते असं की पूर्वी भारतात ही प्रथा होती. आम्हाला त्या बाईचा राग आला नाही. तिला हे पत्रक ज्या भारतीयांशी बोलून तयार करून मिळालं होतं, त्यांचा आला. त्याच दिवशी हे काम शिकायचं मनात पक्कं झालं.

त्या काळात इंग्लंडमध्ये जातीच्या कायद्याचा वाद रंगात होता. तिथल्या २०१० च्या समानता कायद्यात जातीचा समावेश करण्याची तरतूद ठेवलेली होती आणि सरकारने २०१७ साली लोकांकडून मतं मागवली होती. त्याआधी परमिला तिर्की या बिहारमधून नेलेल्या आदिवासी बाईचा खटला गाजला होता. मिल्टन कीन्समधल्या एका भारतीय वंशाच्या घरात ती राबत होती, तासाला काही पेनी मजुरीवर. २०१४ च्या अखेरीस अपिलीय न्यायाधिकरणाने म्हटलं की जात ही काही प्रकरणांत 'वांशिक मूळ' या शब्दांत बसू शकते, आणि २०१५ मध्ये तिला मजुरीपोटी १ लाख ८३ हजार पौंडांहून अधिक रक्कम मंजूर झाली. पुढे जुलै २०१८ मध्ये सरकारने जाहीर केलं की जातीचा वेगळा उल्लेख कायद्यात करणार नाही, या निकालावरच भागवू. आपल्या लोकांनी तिथे बरीच वर्षं झुंज दिली, आणि विरोधात उभ्या राहिलेल्या संघटनाही आपल्याच देशातून गेलेल्यांच्या होत्या.

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रबंध लिहिताना बाबासाहेबांचा 'कास्ट्स इन इंडिया' पुन्हा वाचला. ९ मे १९१६, कोलंबियात गोल्डनवायझर यांचं मानववंशशास्त्राचं चर्चासत्र, पंचवीस वर्षांचा भीमराव परदेशी लोकांसमोर आपला देश समजावून सांगतोय. नमस्कार कसा करतात, साडी कशी नेसतात हे त्याने सांगितलं नाही. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यासाठी बाईवर बंधनं घालून, हे सांगितलं. आपल्या लेखी पहिला आंतरसांस्कृतिक प्रशिक्षक तोच. आणि गंमत बघा, फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीचे नवे नियम आले, त्यात भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय घेऊन परदेशी जाता येणार नाही असं लिहिलं. म्हणजे आज भीमराव त्या विषयाचा अर्ज घेऊन खिडकीवर उभे राहिले असते तर अर्ज परत आला असता. इंजिनियर व्हा, डॉक्टर व्हा, पण तिथे जाऊन आमच्याबद्दल बोलू नका, एवढाच त्या नियमाचा अर्थ आम्हाला लागतो. हे विषय भारतात राहूनच शिकता येतात, असं समर्थन त्यावर दिलं गेलं. भारतात राहून काय काय शिकायला मिळतं ते आम्हाला माहीत आहे. दूर उभं राहून जे दिसतं ते दिसू नये, हीच तर खटपट आहे.

परत आल्यावर पुण्यात एका प्रशिक्षण कंपनीत कंत्राटी काम मिळालं. नाव लिहीत नाही, कारण अशा सगळ्याच ठिकाणी थोडंफार हेच असतं. सत्रामागे पैसे. जर्मनी-नेदरलँड्सला जाणारे आपले इंजिनियर आणि इकडे येणारे तिकडचे व्यवस्थापक, दोघांनाही शिकवायचं. परदेशात राहून आलेला म्हणून आम्हाला किंमत होती. पहिल्याच महिन्यात आम्ही भारताविषयीच्या सत्रात एक स्लाईड घातली. त्यात तीनच गोष्टी होत्या: तुमच्या हाताखालचे भारतीय एकमेकांचं आडनाव का विचारतात, डब्यात काय आहे यावरून गट का पडतात, आणि एखादा हुशार कर्मचारी बैठकीत गप्प का बसतो. वरिष्ठांनी बोलावलं. "हे क्लायंटला चालणार नाही. सेन्सिटिव्ह आहे." आम्ही म्हटलं, अमेरिकेच्या सत्रात काळ्या-गोऱ्यांची स्लाईड आहे, ती चालते. ते म्हणाले, "तो त्यांचा प्रॉब्लेम आहे हो. हा आपल्या घरातला."

आपल्या घरातला! ज्या घरात आम्हाला कधी ओसरीच्या पुढे येऊ दिलं नाही, त्या घराची अब्रू मात्र आम्ही झाकायची.

आणि आम्ही ती झाकली. हे लिहायला लाज वाटते, पण या ब्लॉगवर खोटं लिहायचं नाही असं आपलं ठरलेलं आहे. त्या वर्षी सोयाबीन पावसात गेलं होतं, वडिलांचं ऑपरेशन व्हायचं होतं, आम्ही ती स्लाईड काढली. दोन वर्षं 'भारतीय वरिष्ठांचा आदर करतात' हे वाक्य आमच्याच तोंडून गेलं. एका सत्रानंतर एक मुलगा जिन्यात थांबला, इकडेतिकडे बघून हळूच "जयभीम सर" म्हणाला आणि निघून गेला. त्याने आमच्या मनगटावरचा निळा धागा पाहिला असावा. त्याला आमच्याकडून काहीतरी हवं होतं आणि आम्ही ते तासभर पडद्यामागे ठेवलं होतं. तो चेहरा अजून जात नाही.

मग जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर खटला भरला. दलित इंजिनियरला दोन वरच्या जातीच्या भारतीय वरिष्ठांनी त्रास दिल्याचा आरोप होता. (त्या दोघांवरचा खटला राज्याने २०२३ मध्ये मागे घेतला, कंपनीवरचा चालू ठेवला. अर्धीच बातमी सांगून टाळ्या घेणं आपल्याला नको.) लॉकडाऊन होता, आम्ही गावाकडूनच मोबाईलच्या नेटवर सत्रं घेत होतो. आम्ही ती स्लाईड पुन्हा घातली, या वेळी बातमीसह. यापुढे हे शिकवलं नाही तर तुमच्याच क्लायंटवर खटला होईल, असा धंद्याचा मुद्दाही मांडला. सत्र छान झालं, एका जर्मन बाईने अर्धा तास प्रश्न विचारले. डिसेंबरात आमचं कंत्राट संपलं ते पुन्हा वाढलं नाही. कारण कुणी लेखी दिलं नाही. तोंडी 'बजेट' असं सांगितलं.

त्यानंतर जग कुठल्या कुठे गेलं ते आपण पाहिलं. २०२२ मध्ये गुगलमध्ये थेनमोळी सौंदरराजन यांचं जातीवरचं व्याख्यान कर्मचाऱ्यांच्या विरोधामुळे रद्द झालं आणि ते आयोजित करणाऱ्या तनुजा गुप्तांनी राजीनामा दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने मात्र तसं विधेयक परत पाठवलं, आधीच्या कायद्यात हे येतंच असं कारण देऊन. विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा आम्ही प्रामाणिकपणे ऐकतो: जातीचं प्रशिक्षण दिलं तर प्रत्येक भारतीयाकडे संशयाने पाहिलं जाईल. याचं उत्तर त्यांच्याच हातात आहे. लैंगिक छळाचं प्रशिक्षण सुरू झालं तेव्हाही पुरुषांनी हेच म्हटलं होतं. प्रशिक्षण कसं द्यावं यावर बसून बोलू. पण ते देऊच नये म्हणणारा माणूस संशयाला घाबरतो की तपासाला, हे त्याने स्वतःला विचारावं.

इतकं सगळं दुसऱ्यांबद्दल झालं. आता थोडं आपल्याबद्दल.

वाशीमला परतल्यावर अंगणवाडी सेविका, शिक्षक, आशा ताई यांच्यासाठी आम्ही सत्रं घेऊ लागलो. मानोरा तालुक्यात, पोहरादेवीच्या अलीकडच्या एका तांड्यावर पहिलंच सत्र. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सुरुवात केली की बंजारा ही मराठीचीच एक बोली आहे, त्यामुळे मुलांना मराठी शाळा जड जाऊ नये. एक म्हातारे नायक शांतपणे उठले. "साहेब, आमची गोरबोली मराठी न्हाय. तुमाले समजते का, सांगा." आणि ते दोन मिनिटं बोलले. आम्हाला चार शब्दही कळले नाहीत. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्यांनीच समजावलं की ते स्वतःला 'गोर' म्हणतात आणि बाहेरच्या सगळ्यांना 'कोर'. त्यात ब्राह्मणही आला, पाटीलही आला आणि इंग्लंडहून आलेले आम्हीही आलो. सहा हजार किलोमीटरहून जास्त लांब जाऊन आम्ही लोकांच्या संस्कृती शिकून आलो, आणि एसटीने दीड तासावरच्या माणसांची भाषा कोणती हे माहीत नव्हतं. सल्लागार बाईच्या हातात जसं आमच्याबद्दलचं पत्रक होतं, तसंच तांड्याबद्दलचं एक पत्रक आमच्या डोक्यात होतं. आता त्या तांड्यावर सत्र असलं की पहिला तास नायक घेतात. आम्ही ऐकायला बसतो.

आपल्याकडे याची उदाहरणं नाहीत असंही नाही. भदंत सुरेई ससाई जपानहून १९६० च्या दशकात नागपूरला आले आणि आपल्या लोकांत राहून आपल्याच भाषेत बोलायला शिकले. लोकमित्र १९७७ साली इंग्लंडहून आले आणि थांबले. नागपूरच्या नागलोकात वेगवेगळ्या राज्यांतली, वेगवेगळ्या जातींतली मुलं महिनोन्महिने एकत्र राहतात, एका पंक्तीला जेवतात, भांडतात, पुन्हा एकत्र बसतात. कुठल्याही कॉर्पोरेट कार्यशाळेपेक्षा तिथलं एक जेवण जास्त शिकवून जातं. ज्यांना या क्षेत्रात यायचंय त्यांनी आधी तिथे चार दिवस राहून यावं, असं आम्ही सांगतो.

तर, त्या मुलीचा प्रश्न. आडनाव सांगावं की नाही?

आम्ही आधी प्रशिक्षकी उत्तर दिलं, की हा तुझा वैयक्तिक निर्णय आहे. तिने मान हलवली, पण वहीत काही लिहिलं नाही. तेव्हा आम्ही प्रोजेक्टर बंद केला आणि इंग्लंडमधली दिवाळी सांगितली. मग जे ठाऊक होतं ते सांगितलं. जर्मनीत २००६ पासून समान वागणुकीचा कायदा आहे. वंश, वांशिक मूळ, लिंग, धर्म, अपंगत्व, वय, लैंगिक ओळख यांवरून कामाच्या जागी भेद करता येत नाही. त्यात 'जात' हा शब्द नाही, पण वांशिक मूळ आहे, धर्म आहे, आणि आपण बौद्ध आहोत. त्यांचं संघराज्याचं भेदभावविरोधी कार्यालय आहे, तिथे सल्ला मागता येतो. काही घडलं तर तारीख, वेळ, कोण काय बोललं, हे त्याच दिवशी लिहून ठेवायचं, व्हॉट्सॲपचे मेसेज पुसायचे नाहीत. हॉस्पिटलमधल्या कर्मचारी प्रतिनिधी मंडळाचं नाव पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यायचं. आणि नर्सला साधारण बी-टू पातळीची जर्मन लागते ती फक्त रुग्णाशी बोलायला नाही, तक्रार लिहायलाही लागते. म्हणून भाषेत आळस नको.

ती म्हणाली, "म्हणजे सांगाव की नाई, हे तुमाले बी नाई माईत."

"नाई माईत," आम्ही म्हटलं. आम्ही चार वेळा सांगितलं होतं आणि एकदा टाळलं होतं. टाळलं त्या रात्री झोप लागली नव्हती, हेही सांगितलं.

मग त्या मुलींनीच चर्चा चालवली. कारंज्याची एक म्हणाली, आपण न सांगून काय उपयोग, फोनच्या डीपीवर बाबासाहेब आहेत. दुसरी म्हणाली, पहिले सहा महिने डीपी बदलायचा. यावर मोठा गोंधळ झाला. एक मुलगा बौद्ध नाही, मातंग समाजाचा, तो म्हणाला तुमच्याकडे निदान जयभीम आहे, तिथे कुणीतरी ओळखीचं निघेल, आम्ही कुणाला शोधायचं? खोलीत शांतता झाली. मग आठ जणींपैकी एक म्हणाली, आम्हालेच फोन कर. त्या अकरा जणांनी तिथेच एक गट तयार केला, कोण कोणत्या शहरात जाणार ते टाकायला. दुपारच्या सत्रात जर्मनमध्ये स्वतःची ओळख करून देण्याचा सराव होता. प्रश्न विचारणारीने पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि 'इष बिन बुद्धिस्टिन' असं आपणहून जोडलं. उच्चार चुकला तो आम्ही सुधारला नाही, कारण आम्हालाही येत नव्हता. शेजारच्या मुलीने सुधारला.

मागच्या आठवड्यात पुण्याहून फोन आला. जुनीच कंपनी, नवा माणूस. जर्मनीला जाणाऱ्या नर्सेसच्या बॅचेस वाढल्या आहेत, ग्रामीण भागातल्या मुलींशी बोलू शकेल असा प्रशिक्षक हवा आहे, पैसे पूर्वीपेक्षा बरे आहेत. "सिलॅबस फिक्स आहे पण." आम्ही त्यांना ती स्लाईड मेल केली आहे आणि लिहिलं आहे की ही असेल तर येतो. अजून उत्तर नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पैसे बरे देतात म्हंतात ना? मंग?" तिचंही खोटं नाही. घराचा स्लॅब अजून अर्धाच पडला आहे.

तोपर्यंत विहारातली सत्रं चालू आहेत, महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी अकराला. अकोला, अमरावती, बुलडाणा, यवतमाळ, वाशीम या जिल्ह्यांतून शिष्यवृत्तीवर किंवा नोकरीवर परदेशी राहून आलेले जे कुणी असतील त्यांनी एका रविवारी यावं. स्लाईड आणायची गरज नाही. तिथे घर कसं मिळालं, कुणी काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं, कुठे टाळलं, एवढं सांगावं. एसटीचं भाडं अभ्यासिका देते, आणि चौथ्या रविवारी जेवण तांड्यावरून येतं.

जयभीम.